बिलावरचा ‘फर्मा’ म्हणजे काय?

“ओ, बाकी समदं पटलं, पर ह्यो फर्मा कसला लावलायसा?” कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या छापखान्यात पुस्तकाचं बिल हातात पडलं की हा प्रश्न येतोच. दर वेळी मशीन सोडून समजावत बसण्यापेक्षा एकदाच छापून ठेवलं. बिलासोबत घरी न्या, चहाबरोबर वाचा.

फर्मा म्हणजे एका तावावर पुढून-मागून मिळून छापली जाणारी पृष्ठं. आपल्याकडे पुष्कळशी पुस्तकं डेमी आकारात निघतात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. 18 बाय 23 इंचांच्या तावावर अशी पुढं आठ, मागं आठ पृष्ठं बसतात. झाला 16 पृष्ठांचा एक फर्मा.

घरी करून बघा. एक कोरा कागद घ्या, मधोमध दुमडा, मग आडवा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. न फाडता, कडा उचलून कोपऱ्यात 1 ते 16 आकडे टाका आणि कागद उलगडा. 1 च्या शेजारी 16, 4 च्या शेजारी 13, 5 च्या शेजारी 12, आणि निम्मे आकडे डोक्यावर उभे! जिथं शिवण येणार तिथल्या जोडीची बेरीज 17 यायलाच हवी. ती चुकली, तर दुमडल्यावर तिसऱ्या पृष्ठानंतर चौदावं येतं, आणि सगळा ताव रद्दीत.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत जुळारी एकेक अक्षर जुळवून पृष्ठ तयार करायचे आणि अशी पृष्ठं लोखंडी चौकटीत आवळून मशीनवर चढवायचे. इंग्रजीत त्या आवळलेल्या चौकटीला ‘फॉर्म’ म्हणत. आपल्या तोंडी त्याचा फर्मा झाला. खिळे भंगारात गेले, ऑफसेटच्या प्लेटा आल्या, शब्द मात्र बिलावर तसाच आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘फॉर्मा’ म्हणजे आकार, साचा. जोडे बांधायला लागणाऱ्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यालाही रोमन लोक फॉर्माच म्हणत. आता गंमत बघा, आपल्या चपलांच्या गावात आजही त्या ठोकळ्याचं नाव फर्मा! बांधकामावर वाळू-खडी मोजायचं खोकं असतं, तोही फर्माच.

लॅटिनमध्ये फॉर्माचा आणखी एक अर्थ होता, रूप. देखणं ते ‘फॉर्मोसस’. पोर्तुगीज खलाशांनी तैवान बेट पाहिलं आणि त्याला ‘फॉर्मोसा’, म्हणजे सुंदर, असं नाव दिलं. फ्रेंच लोक चीजला ‘फ्रोमाज’ म्हणतात, कारण ते साच्यात घालून करतात. तिथं ‘र’ उडी मारून पुढं आलाय. आपण नुकसानीचं ‘नुस्कान’ करतो, तेव्हा त्यांना हसायला नको.

सगळ्यांचा एक आकार तो युनिफॉर्म, सपाट आकार तो प्लॅटफॉर्म. शाहू स्टेडियमवर एखादा फॉरवर्ड ‘फॉर्मात’ असतो तो हाच. आणि तहसील कचेरीत भरायचा फॉर्म, म्हणजे गावाकडचा ‘फारम’, हा ठरलेल्या साच्यातला मजकूर; आपण फक्त मोकळ्या जागा भरायच्या.

पण सारखं दिसतं म्हणून नातं लावू नका. शेताचा ‘फार्म’ आणि धंद्याची ‘फर्म’ या दोघांचं मूळ वेगळ्या लॅटिन शब्दात आहे, ‘फिर्मुस’, म्हणजे पक्का. फार्म म्हणजे आधी पक्का ठरलेला खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, होता, फर्म म्हणजे व्यवहार पक्का करणारी सही. फर्मान आणि फर्माईश फारसीतून आले, फार्मसी ग्रीकमधून. आमच्याकडं दर जूनमध्ये ‘फार्म भरण्याची अंतिम तारीख’ असं लिहिलेली जाहिरात येते. आम्ही छापण्याआधी फोन करून विचारतो, काय भरायचंय, शेत का अर्ज?

आता पैशाचं. खर्च फर्म्यावर चालतो. एक निवृत्त गुरुजी 98 पृष्ठांचा कवितासंग्रह घेऊन आले होते. 96 म्हणजे नेमके सहा फर्मे. वरच्या दोन पृष्ठांना वेगळी प्लेट, मशीन पुन्हा लावणं, आणि तो सुटा कागद शिवता येत नाही, डिंकानं चिकटवायचा. “एकबी कविता काढणार न्हाई,” गुरुजी म्हणाले. शेवटी त्यांचं मनोगत चार पृष्ठांचं होतं, ते त्यांनी समोरच्या बाकावर बसून दोनवर आणलं.

तेव्हा मजकूर पक्का करण्याआधी 16 नं भाग देऊन बघा. नेमका जात नसेल तर निदान आठनं तरी जाऊ दे, अर्ध्या फर्म्याचं गणित बसवता येतं. मुखपृष्ठ यात धरू नका, ते जाड कागदावर वेगळं छापतो. आणि फोनवर ‘पानं’ सांगू नका, ‘पृष्ठं’ सांगा. एका पानाला दोन पृष्ठं असतात. 50 पानं ऐकून आम्ही 50 पृष्ठांचा दर सांगायचा आणि मग दोघांनी काउंटरवर वाद घालायचा, हे एकदा होऊन गेलंय.