सोडतीची लोकशाही

2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांची मतं बरोबरीत सुटली. शेवटी चिठ्ठी काढली आणि नगरसेवक ठरला. कायद्यात तशी तरतूद आहेच, तरीही आपल्याला ते कसंसंच वाटतं. एवढा प्रचार, एवढ्या रांगा, आणि निकाल चिठ्ठीवर? प्राचीन अथेन्सच्या नागरिकाला मात्र वेगळाच प्रश्न पडला असता: चिठ्ठीच काढायची होती, तर आधी मतदान कशाला घेतलंत?

हा विनोद नाही. अॅरिस्टॉटलने स्वच्छ लिहून ठेवलंय की अधिकारपदं चिठ्ठीने भरणं ही लोकशाहीची रीत मानली जाते आणि मतदानाने भरणं ही मूठभरांच्या राज्याची. त्यामागचा तर्क आजही पटण्यासारखा आहे. निवडून यायचं तर आधी लोकांच्या नजरेत भरावं लागतं, आणि नजरेत भरायला पैसा, घराणं किंवा जिभेवर साखर लागते. चिठ्ठीला यातलं काहीच दिसत नाही.

अथेन्सने हे नुसतं बोलून दाखवलं नाही. दहा गणांतून प्रत्येकी 50 असे 500 सदस्य दरवर्षी चिठ्ठीने निवडले जात आणि नगराचा रोजचा कारभार त्यांच्या हाती असे. वयाची तिशी ओलांडलेली हवी, आणि उभ्या आयुष्यात दोनदाच संधी. न्यायालयांसाठी दरवर्षी 6,000 जणांची यादी तयार होई. त्यातून रोजच्या खटल्यांसाठी माणसं निवडायला एक दगडी यंत्र होतं, क्लेरोटेरियन नावाचं. उभ्या शिळेवर बारीक खाचांच्या रांगा. न्यायदानाला आलेला प्रत्येक जण आपल्या नावाची छोटी पट्टी घेऊन येई. ती एखाद्या खाचेत बसवली जाई. शिळेच्या कडेला एक नळी, तिच्यात वरून काळ्या-पांढऱ्या गोट्या ओतलेल्या. खालून एकेक गोटी सोडायची. पांढरी निघाली तर त्या आडव्या ओळीतले सगळे आत, काळी निघाली तर सगळे घरी. हे खटल्याच्या दिवशी सकाळीच होई, त्यामुळे आदल्या रात्री लाच नेऊन द्यायची तर कुणाच्या घरी, हेच कळायची सोय नव्हती.

गंमत म्हणजे हे यंत्र विद्वानांनाही बराच काळ उमगलं नव्हतं. अथेन्सच्या राज्यघटनेवरचा अॅरिस्टॉटलच्या नावाचा ग्रंथ इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला आणि 1891 मध्ये छापला गेला. त्यात क्लेरोटेरियनचं वर्णन होतं, पण वाचणाऱ्यांना वाटलं ही एखादी खोली असावी. 1930 च्या दशकात स्टर्लिंग डाउ या अमेरिकन अभ्यासकाने उत्खननातल्या खाचांच्या शिळा आणि हे वर्णन एकत्र जुळवलं, तेव्हा कोडं सुटलं.

अथेन्सचे लोक भोळे नव्हते. सेनापती ते मतदानानेच निवडत. युद्धात चिठ्ठी परवडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. सॉक्रेटिसचा टोमणा नेमका याच जागी लागतो: जहाजाचा सुकाणूवाला किंवा सुतार कुणी चिठ्ठीने नेमतं का, मग राज्यकर्ता कसा नेमता? (त्याला देहान्ताची शिक्षा सुनावणारं न्यायमंडळही चिठ्ठीनेच निवडलेलं होतं, हा दैवदुर्विलास.) या टोमण्याला अथेन्सचं उत्तर व्यवस्थेत होतं. चिठ्ठी निघाली तरी पद घेण्याआधी पात्रतेची तपासणी, पद सोडताना हिशेबाची तपासणी, आणि मधल्या काळात कुणीही तक्रार करू शकत असे. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक मात्र पट्टी खाचेत घालूच शकत नव्हते. चिठ्ठी निष्पक्ष असते, पण मडक्यात कुणाची नावं घालायची हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

मडकं हा शब्द तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरमुळे सुचला. तिथल्या देवळात चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातले, इसवी सन 919 आणि 921 चे शिलालेख आहेत. गावाचे 30 विभाग. नावं ताडपत्रांवर लिहून मडक्यात टाकायची आणि अजाण मुलाच्या हातून एकेक काढायची. उमेदवाराचं वय 35 ते 70, स्वतःच्या जागेवर घर, करपात्र जमीन, वेदाध्ययन. ही ब्राह्मण वस्तीची सभा होती, तेव्हा 'भारतातली प्राचीन लोकशाही' म्हणून छाती फुगवण्याआधी पात्रतेची यादी वाचलेली बरी. पण एक अट मला फार आवडते: आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे नातेवाईकही बाद. ही अट आज लावली तर किती जिल्ह्यांत उमेदवार मिळतील?

1748 मध्येही फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू लिहीत होता की चिठ्ठी लोकशाहीच्या स्वभावाला धरून आहे. मात्र पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकन आणि फ्रेंच क्रांती झाल्या आणि चिठ्ठीचं नाव जवळजवळ कुणीच काढलं नाही. हे कसं झालं? फ्रेंच विचारवंत बर्नार मानँ याचं उत्तर असं की, हॉब्ज आणि लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञांपासून राजकीय तत्त्वज्ञानाचा मुख्य प्रश्नच बदलला. सत्तेची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का, हा प्रश्न मागे पडला. या सत्तेला माझी संमती आहे का, हा पुढे आला. मतदानात संमती दिसते. चिठ्ठीने निघालेल्या माणसाला मी कधी होकार दिला? चिठ्ठी उरली ती ज्यूरीपुरती, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुरती. आपल्याकडे तीही टिकली नाही: 1959 च्या नानावटी खटल्यात मुंबईतल्या ज्यूरीने खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याला 8 विरुद्ध 1 असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नाही.

महाराष्ट्रात सोडत जिवंत आहे, पण ती माणूस निवडत नाही, जागा निवडते. पालिकांच्या आरक्षण सोडतीत कोणता प्रभाग महिलांसाठी राखीव हे चिठ्ठी ठरवते. वर्षानुवर्षं मुरलेल्या दादांना त्यामुळे जागा सोडावी लागते, हे खरंच. मग फलकावर त्यांच्या जागी वहिनींचा फोटो येतो, हेही खरं.

माणसं निवडणारी सोडत गेल्या वीस वर्षांत 'नागरिक सभां'च्या रूपात जगात पुन्हा अवतरली (सोडतीने निवडलेले सामान्य लोक एखाद्या प्रश्नावर एकत्र बसून सूचना करतात), आणि या वेळी तिच्या पाठीशी संख्याशास्त्र आहे. समाजात निम्म्या स्त्रिया असतील आणि शंभर जणांची सोडत काढली, तर चाळीसपेक्षा कमी स्त्रिया येण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी. एखादा गट 10 टक्के असेल, तर शंभरांत त्याचा एकही माणूस नसण्याची शक्यता सुमारे 38,000 मध्ये एक. पण समिती बारा जणांची केली, की हीच शक्यता 28 टक्के होते. आणि गट 2 टक्क्यांचा असला, तर शंभरांच्या सभेतूनही तो 13 टक्के वेळा पुरता गळतो. म्हणजे छोट्या अल्पसंख्याकांना निव्वळ सोडत पुरत नाही, कोटा लागतोच.

त्यात आणखी एक पाचर. निवडलेला माणूस 'नको' म्हणू शकतो. ब्रिटनच्या 2020 च्या हवामानविषयक नागरिक सभेसाठी 30,000 घरांना पत्रं गेली आणि प्रत्यक्ष बसले 108 जण. बहुतेक घरांनी उत्तरच दिलं नाही. जे होकार देतात ते सहसा जास्त शिकलेले आणि विषयात आधीच रस असलेले. 2021 मध्ये काही संगणकशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये यावर एक गणिती पद्धत मांडली: कोट्याच्या अटी पाळायच्या, पण इच्छुकांपैकी ज्याला सर्वांत कमी संधी आहे त्याची संधी जमेल तितकी वाढवायची. क्लेरोटेरियनला नातू झाला म्हणायचा.

आयर्लंडमध्ये हे सर्वांत यशस्वी ठरलं. 2016 मध्ये सोडतीने निवडलेले 99 नागरिक आणि अध्यक्षस्थानी एक न्यायाधीश अशी सभा बसली. नेते ज्याला हात लावायला कचरत होते तो गर्भपाताचा प्रश्न या लोकांनी तज्ज्ञांचं म्हणणं आणि बायकांचे अनुभव ऐकून हाताळला. 2018 च्या सार्वमतात 66 टक्क्यांनी गर्भपातबंदी हटवणाऱ्या घटनादुरुस्तीला कौल दिला. फ्रान्समध्ये उलटं झालं. हवामान प्रश्नावर 150 जणांनी महिनोन्महिने खपून 149 सूचना केल्या. त्या गाळणी न लावता पुढे पाठवू, असं राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ म्हणाले होते. 2021 चा कायदा आला तेव्हा बऱ्याच सूचना पातळ झालेल्या किंवा गायब होत्या.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: प्रश्न सरकारने ठरवला, उत्तर नागरिकांनी दिलं. माझ्या मते खरी सत्ता प्रश्न ठरवण्यात असते, आणि तिथे अजून सोडत फारशी पोचलेली नाही. बेल्जियमच्या पूर्वेकडच्या लहानशा जर्मनभाषक प्रदेशाने 2019 पासून तो प्रयोग केला आहे. सोडतीतून आलेल्या 24 जणांची कायम परिषद विषय ठरवते, त्या विषयावर वेगळी सोडत काढून सभा बसते, आणि संसदेला सूचना नाकारायची असेल तर कारण द्यावं लागतं. नाकारण्याचा अधिकार मात्र निवडून आलेल्यांकडेच ठेवलेला आहे.