‘कॉन्व्हेंट’ म्हणजे मिशनरी शाळा?

नर्सरीच्या ॲडमिशनचे दिवस आले की एक मेसेज फिरतो: नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असेल ती शाळा मिशनऱ्यांची, म्हणून अभ्यास पक्का.

हा समज होणं साहजिक आहे. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात कॅथलिक नन्सचा मठ, आणि नन्सनी चालवलेल्या शाळांनी नाव कमावलं. पण आपल्या नागपुरात गल्लीतल्या केजीलाही कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कोणाचीही असो.

त्यामुळे पाटी नको, संस्था बघा. फीच्या पावतीवर ट्रस्टचं नाव असतं. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागून घ्या. त्यावरून पटसंख्या आणि शिक्षकसंख्या ऑनलाइन दिसते. वर्गात किती पोरं बसतात हे मला तरी नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

शाळा खरंच कॅथलिक निघाली तर? कॅथलिक मुलांना प्राधान्य मिळू शकतं, पण इतर धर्मांची मुलंही तिथे शिकतात. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण सक्तीचं करता येत नाही. राज्यघटनेचं कलम २८(३) वाचा. मात्र आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब आणि वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागा अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, हे फॉर्म भरण्याआधीच विचारून घ्या.