सॅचमो प्लेज किंग ऑलिव्हर

अमेरिकन ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांनी आपले गुरू, न्यू ऑर्लिन्सचे कॉर्नेटवादक जो ऊर्फ ‘किंग’ ऑलिव्हर, यांच्या स्मरणार्थ केलेला पारंपरिक जॅझचा ध्वनिमुद्रिकासंग्रह. याचे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९५९च्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी लॉस अँजेलिस येथे झाले आणि ऑडिओ फिडेलिटी या कंपनीने १९६० मध्ये तो प्रसिद्ध केला. शीर्षकातील ‘सॅचमो’ हे आर्मस्ट्राँग यांचे, त्यांच्या रुंद जिवणीवरून पडलेले लाडके नाव होय.

कॉर्नेट हे ट्रम्पेटच्या कुळातील, त्याहून आखूड घडणीचे आणि काहीशा मऊ नादाचे पितळी वाद्य आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकांचे व नाचगाण्यांचे नेतृत्व विसाव्या शतकाच्या आरंभी हेच वाद्य करीत असे. त्या शहरात नाव कमावल्यावर ऑलिव्हर शिकागोला गेले. कॉर्नेटच्या तोंडाशी वाटी, पेला किंवा रबरी झाकण धरून माणसाच्या बोलण्यासारखे, कधी हुंदक्यासारखे स्वर काढण्यात त्यांचा हातखंडा होता. ‘डिपर माउथ ब्लूज’मधील त्यांचे एकल वादन पुढच्या पिढीतील वादकांनी स्वर न् स्वर पाठ केले.

ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हर यांनी तार करून तरुण आर्मस्ट्राँग यांना न्यू ऑर्लिन्सहून बोलावून घेतले आणि शिकागोतील लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात वाजवणाऱ्या आपल्या क्रेओल जॅझ बँडमध्ये दुसऱ्या कॉर्नेटची जागा दिली. या बँडचे खरे वैशिष्ट्य तेथूनच सुरू होते. बाकीची वाद्ये थांबली की दोन्ही कॉर्नेट एकाच वेळी एक छोटा वाक्यांश वाजवीत आणि तो लिहून काढलेला नसूनही दोघांचे स्वर एकमेकांत चपखल बसत. ऑलिव्हर आधीच्या ओळीत हळूच त्याचे सूचन करीत आणि आर्मस्ट्राँग ते टिपून क्षणार्धात त्याला जुळणारा दुसरा स्वर शोधत. साथीचा इतका सूक्ष्म कान एखाद्या तरुण वादकाला गुरूच्या शेजारी उभे राहूनच येऊ शकतो. एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे, जेनेट कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात, या बँडच्या पहिल्या तबकड्या तयार झाल्या. त्या काळी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरात नव्हता व सर्व वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवीत. आर्मस्ट्राँग यांचा दमदार नाद ऑलिव्हर यांना झाकून टाकू नये म्हणून त्यांना बरेच मागे उभे करण्यात आले, अशी आठवण बँडच्या पियानोवादिका व पुढे आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी झालेल्या लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. त्याच सत्रांतील ‘चाइम्स ब्लूज’मध्ये प्रत्येकी बारा ‘बार’ची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) दोन आवर्तने आर्मस्ट्राँग यांच्या वाट्याला आली. हे त्यांचे पहिले ध्वनिमुद्रित एकल वादन होय.

आर्मस्ट्राँग १९२४ मध्ये बँड सोडून न्यूयॉर्कला गेले. ऑलिव्हर यांचे दिवस मात्र फिरत गेले. हिरड्यांच्या विकाराने त्यांचे वादन खुंटले, बँक बुडाल्याने शिल्लक गेली, आणि अखेरीस जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे भाजीफळांची गाडी लावून व पुढे एका बिलियर्ड्सगृहात झाडलोट करून ते पोट भरू लागले. १९३७ मध्ये दौऱ्यावर असलेल्या आर्मस्ट्राँग यांना ते तेथेच भेटले. शिष्याने आपल्या ‘पापा जो’ला पैसे दिले. एप्रिल १९३८ मध्ये ऑलिव्हर यांचे निधन झाले.

संग्रहाचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा आर्मस्ट्राँग अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, जून १९५९ मध्ये, इटलीतील स्पोलेतो येथे त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. साथीला त्यांचा नेहमीचा ‘ऑल स्टार्स’ संच होता: ट्रमी यंग (ट्रॉम्बोन), पीनट्स हको (क्लॅरिनेट), बिली काइल (पियानो), मॉर्ट हर्बर्ट (बास) आणि डॅनी बार्सेलोना (ड्रम).

संग्रहात बारा रचना आहेत. परंतु शीर्षकावरून अपेक्षा धरणाऱ्या श्रोत्याला त्यांत ऑलिव्हर यांच्या रचना मोजक्याच सापडतात. ‘चाइम्स ब्लूज’ आणि ‘डॉक्टर जॅझ’ या त्यांच्या आहेत. ‘जेली रोल ब्लूज’ न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांची आहे, ‘ओल्ड केंटकी होम’ स्टीफन फॉस्टर यांचे एकोणिसाव्या शतकातील गीत आहे, तर ‘बिग बटर अँड एग मॅन’ व ‘ड्रॉप दॅट सॅक’ यांचा संबंध आर्मस्ट्राँग यांच्या स्वतःच्या १९२६ मधील तबकड्यांशी आहे. ‘डिपर माउथ ब्लूज’ नसणे तर विशेष खटकते, कारण ती रचना गुरुशिष्य दोघांच्या नावावर आहे. म्हणून हा संग्रह ऑलिव्हर यांच्या रचनांचा संच न मानता त्यांच्या काळाचे व परिसराचे स्मरण मानणे अधिक योग्य ठरते. वादनाची रीतही बदललेली आहे: क्रेओल जॅझ बँडमध्ये सर्व वाद्ये एकमेकांत गुंफून चालत, तर येथे प्रत्येक वादकाला आळीपाळीने स्वतंत्र जागा मिळते.

‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ हे शोकगीत या संग्रहातून सर्वाधिक गाजले. आर्मस्ट्राँग यांनी ते १९२८ मध्ये आणि ऑलिव्हर यांनी १९३० मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. १९५९ च्या आवृत्तीची लय अतिशय संथ आहे आणि गाणाऱ्याचा खरखरीत आवाज, श्वासासकट, अगदी जवळून ऐकू येतो. याचे श्रेय कंपनीलाही जाते. सिडनी फ्रे यांच्या या कंपनीने १९५७ मध्येच स्टिरिओ तबकडी काढली होती, आणि उत्तम ध्वनिसंचाची पारख करताना हे गीत हौशी श्रोते आजही लावतात.

संग्रहाच्या अखेरीस ‘चाइम्स ब्लूज’ येते. छत्तीस वर्षांपूर्वी मागे उभे राहून वाजवलेली ही रचना आर्मस्ट्राँग येथे अग्रभागी राहून वाजवतात. शेजारी दुसरा कॉर्नेट नाही.