तालमीतला फुटबॉल आणि परदेशाची वाट

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. नावं तालमींची, पण कोल्हापुरात ती ऐकली की आधी फुटबॉल आठवतो. केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर अख्ख्या पेठा एकमेकींसमोर बसतात. गंमत अशी की कुस्ती शिकायला बाहेरची पोरं आजही इथल्या तालमीत वस्तीला येतात, आणि फुटबॉलमध्ये नाव काढायचं तर इथल्या पोराला गाव सोडावं लागतं.

अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पुण्यात तयार झाला, 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, मग काही काळ सरावासाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. (या क्लबची मालकी पुण्याच्या व्यंकीज या पोल्ट्री कंपनीकडे आहे.) 2022 मध्ये भारताच्या वरिष्ठ संघातही त्याची निवड झाली. मग पुढचा अनिकेत घडवायचा तर पोरांना परदेशी पाठवायचं, की इथली लीग आधी सुधारायची? हा वाद कट्ट्यावर दर हंगामात रंगतो, आणि तो जुना आहे.

1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं जिंकणारा भारत स्थानिक लीगवर पोसलेला होता. कलकत्ता, हैदराबाद आणि मुंबईत खेळाडू घडत, आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम त्यांचा संघ बांधत. पुढे आशियातल्या शेजाऱ्यांनी खेळ व्यावसायिक केला, आपण मात्र शहरांच्या स्पर्धांवरच भागवलं. राष्ट्रीय लीग यायला 1996 उजाडलं.

जपानने जे-लीग 1993 मध्ये सुरू केली होती. 1998 च्या त्यांच्या पहिल्या विश्वचषकात बावीसच्या बावीस खेळाडू घरच्या लीगमधले होते. 2022 मध्ये, जर्मनी आणि स्पेनला हरवलं तेव्हा, 26 पैकी 19 जण परदेशी क्लबांकडून खेळत होते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लीगने खेळाडू पिकवले, म्हणून बाहेरच्यांनी ते उचलले.

आपल्याकडे जो गेला तो एकटा गेला. बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबला, सुनील छेत्री 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीला, गोलरक्षक गुरप्रीत 2014 मध्ये नॉर्वेला. त्याच वर्षी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, मैदानं सुधारली. पण पहिला हंगाम जेमतेम दोन-सव्वादोन महिन्यांचा, आणि अकरांत किमान पाचच भारतीय असले तरी चालत. गोल करायच्या जागा बहुतेक परदेशी खेळाडूंनी अडवल्या. पुढे भारतीयांची किमान संख्या सातवर गेली, तरी 2024 मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत, 2025 मध्ये, परत बोलवावं लागलं. त्याच वर्षी आयएसएलचा हंगाम कराराच्या घोळात अडकून वेळेवर सुरूच झाला नाही, आणि आशियाई चषकाची पात्रताही हुकली.

अनिकेतच्या वाटेवर आणखी एक पायरी होती, तिची चर्चा फार होत नाही. विश्वचषकानंतर त्या पोरांना इंडियन ॲरोज या नावाने एकत्र ठेवून आय-लीग या देशपातळीवरच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवलं गेलं. हरायचे, पण मोठ्यांशी हंगामभर भिडायचे. 2022 मध्ये तो संघ बंद करण्यात आला.