गेमसाठीची स्वनिर्मित ऑपरेटिंग सिस्टीम व फ्रंट-एंड

यंत्र सुरू केले की डेस्कटॉप न येता थेट गेमची यादी पडद्यावर यावी, ती कीबोर्ड-माउसशिवाय नुसत्या कंट्रोलरने चाळता यावी आणि गेम बंद केल्यावर पुन्हा त्याच यादीत परतता यावे, या हेतूने केलेली सॉफ्टवेअरची जुळणी. तिचा खेळाडूला दिसणारा भाग म्हणजे फ्रंट-एंड. तो साठवणीतले गेम शोधतो, त्यांची चित्रे व माहिती मांडतो, निवडलेला गेम योग्य त्या एम्युलेटरच्या (दुसऱ्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) किंवा प्रोग्रामच्या हवाली करतो आणि बाजूला होतो. फ्रंट-एंड नेहमीच्या विंडोज किंवा लिनक्सवर एक साधा प्रोग्राम म्हणूनही चालतो. त्याच्याखालची सगळी प्रणाली त्याच्याच सोयीने कापून-बेतून घेतली की तिला गेमिंग ऑपरेटिंग सिस्टीम म्हटले जाते.

‘स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम’ या शब्दप्रयोगात कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा) शून्यापासून लिहिणे क्वचितच अभिप्रेत असते. लिनक्सचा कर्नल, मेसा प्रकल्पाचे ग्राफिक्स ड्रायव्हर, आवाजाची तयार यंत्रणा आणि वर स्वतःचा फ्रंट-एंड अशीच बहुतेकांची बांधणी असते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आजच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये स्मृतीचे व्यवस्थापन असते, कामांच्या रांगा असतात आणि शेडरचे (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे) यंत्रभाषेत रूपांतर करणारा एक संपूर्ण कंपायलरही असतो. हे काम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. हौसेने शून्यापासून लिहिलेल्या प्रणाली म्हणूनच बहुधा ‘डूम’पाशी पोचून थांबतात. या १९९३ च्या गेमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला. त्याला ग्राफिक्स कार्डाची प्रवेगक शक्ती लागत नाही. चित्राचे पिक्सेल पडद्यावर टाकणे, वेळ मोजणे, क्षणभर थांबणे, कोणती कळ दाबली ते सांगणे आणि फाइल वाचणे एवढे जमले की तो चालतो. त्यानंतरची पायरी मात्र एकदम कड्यासारखी उभी आहे.

पूर्वपीठिका : घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीत हा प्रश्नच नव्हता, कारण गेम सुरू झाला की सारे यंत्र त्याचेच असे. आयबीएम पीसीवरचे सुरुवातीचे अनेक गेम स्वतःच्या फ्लॉपीवरून थेट सुरू होत. डॉसची गरजही पडत नसे. कन्सोलवर, म्हणजे फक्त गेमसाठी बनवलेल्या यंत्रांवर, ही पद्धत आणखी टिकली. निन्टेन्डो ६४ या यंत्रात कायमस्वरूपी ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. लागणारी सॉफ्टवेअर लायब्ररी प्रत्येक कार्ट्रिजमध्ये गेमसोबतच येई. डॉसच्या काळात ६४० किलोबाइटांच्या मूळ स्मृतीत गेम मावावा म्हणून खेळाडू कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फाइलींत काटछाट करून खास बूट फ्लॉपी तयार करत. माउसचा ड्रायव्हर हवा, सीडीचा नको, असे गेमागणिक हिशेब चालत. त्यांना कोणी प्रणालीकार म्हटले नाही, पण काम तेच होते.

पुढे कन्सोलमध्येही पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम आल्या. २००१ च्या एक्सबॉक्सचा कर्नल विंडोज २००० वरून छाटून घेतलेला होता. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली आहे. त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स वनमध्ये हायपरव्हायझरवर (एका यंत्रावर अनेक प्रणाली चालवू देणाऱ्या थरावर) दोन वेगळ्या प्रणाली शेजारी-शेजारी चालतात, एक फक्त गेमसाठी आणि दुसरी मेनू व इतर ॲप्ससाठी. गेमच्या वाट्याची साधने मेनूने खाऊ नयेत, ही त्यामागची चिंता. घरी अशी जुळणी करणाऱ्यालाही तीच भेडसावते.

फ्रंट-एंडची हौस खऱ्या अर्थाने रुजली ती एम्युलेशनमुळे. निकोला सालमोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘मेम’ या एम्युलेटरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड यंत्रांचे गेम त्यावर चालत, पण गेमचे नाव कमांड लाइनवर टाइप करावे लागे. जुन्या आर्केड कॅबिनेटात संगणक बसवणाऱ्यांना हे चालण्यासारखे नव्हते, कारण कॅबिनेटला कीबोर्ड नसतो, जॉयस्टिक आणि बटणे असतात. त्यात आर्केडचा सीआरटी पडदा साधारण १५ किलोहर्ट्झ आडव्या वारंवारितेवर चालणारा, तर संगणकाचे व्हीजीए कार्ड ३१ किलोहर्ट्झचा संकेत देणारे. चुकीचा संकेत गेला तर काही जुन्या पडद्यांना इजाही होऊ शकते. म्हणून बूट होतानाच्या अक्षरांपासून सर्व काही १५ किलोहर्ट्झवर दाखवणाऱ्या ग्रूव्हीआर्केडसारख्या लिनक्स वितरणांची (लिनक्सभोवती बांधलेल्या तयार प्रणालींची) गरज निर्माण झाली. निव्वळ मेनूने भागत नाही, खालची प्रणालीही हाती असावी लागते, हे यातून ठळक झाले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक विक्रीस आला आणि हा छंद कॅबिनेटबाहेर पडला. एम्युलेशनस्टेशन हा फ्रंट-एंड आणि लिब्रेट्रो पद्धतीचे एम्युलेटर एकत्र बांधणारा रेट्रोपाय, रिकॅलबॉक्स, त्यातून फुटून निघालेले बाटोसेरा आणि लिब्रेट्रोचे एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्रामलाच तोंडावळा मानणारे लक्का ही या परंपरेतली ठळक नावे. लिब्रेट्रोची कल्पना साधी पण दूरगामी आहे. प्रत्येक एम्युलेटरने खिडकी, आवाज आणि कंट्रोलर स्वतंत्रपणे हाताळण्याऐवजी तो ‘कोअर’ म्हणून लिहावा आणि ही सगळी कामे एकाच यजमान प्रोग्रामवर सोपवावी. त्यामुळे एकदा केलेली बटणांची मांडणी डझनावारी यंत्रांच्या गेमना लागू पडते.

आधुनिक पीसी गेमची वाट वेगळी आहे. व्हॉल्व्ह कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानाचा, टीव्ही व कंट्रोलरसाठीचा ‘बिग पिक्चर’ मोड आणला आणि वर्षभराने डेबियन या लिनक्स वितरणावर आधारित स्टीमओएसची चाचणी आवृत्ती दिली. २०१५ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची स्टीम मशिन्स बाजारात आली आणि फारशी चालली नाहीत. मेनू नीट होता, पण विंडोजसाठी लिहिलेले बहुसंख्य गेम त्यावर चालतच नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आला तेव्हा ही कोंडी फुटली. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ पासून विकसित होत असलेल्या वाइनला, विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स यंत्रणेच्या आज्ञा व्हल्कन या खुल्या यंत्रणेत बदलणाऱ्या थराची जोड देऊन तो बनवला आहे. फेब्रुवारी २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरण्याच्या यंत्रावर आर्च लिनक्सवर नव्याने उभारलेला स्टीमओएस ३ आला. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या पायावरचे बझाइट आणि आर्चवरचे कायमेराओएस हे घरच्या संगणकावर तसाच अनुभव देऊ पाहतात.

बांधणी : फर्मवेअर (यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर), बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नल, मग लॉगिन न विचारता सुरू होणारी एक सेवा आणि तिने उघडलेला फ्रंट-एंड, अशी साखळी असते. विंडोजवर रजिस्ट्रीतल्या विनलॉगॉन विभागात ‘शेल’ या नोंदीत एक्सप्लोररऐवजी फ्रंट-एंडचे नाव घातले की डेस्कटॉप दिसतच नाही. लिनक्सवर डेस्कटॉप वगळून कर्नलच्या केएमएस या पडदा हाताळणाऱ्या यंत्रणेद्वारे थेट पडद्यावर चित्र काढता येते, किंवा गेमस्कोपसारखा, एका वेळी एकच गेम समोर ठेवणारा छोटा कंपोझिटर (प्रोग्रामांची चित्रे जुळवून पडद्यावर मांडणारा भाग) मध्ये घालता येतो. दुसरा मार्ग आजच्या गेमसाठी सोयीचा, कारण गेमला हवे ते रेझोल्यूशन भासवणे, चित्र मोठे करणे, फ्रेमचा वेग बांधणे ही कामे कंपोझिटर करतो आणि गेमला त्याचा पत्ताही लागत नाही.

मेनू रंगवणे हा यातला सोपा भाग. कसोटी लागते ती गेम सुरू होताना आणि विशेषतः बंद होताना. केएमएसवर एका वेळी एकाच प्रक्रियेकडे पडद्याचा ताबा असू शकतो. फ्रंट-एंडने तो सोडला नाही तर गेमला काळा पडदा मिळतो, आणि परतल्यावर पुन्हा घेतला नाही तर खेळाडूला. आवाजाचे उपकरण आणि कंट्रोलर यांचीही तीच गत. शिवाय पुष्कळ पीसी गेम स्वतःचा लाँचर उघडतात, लाँचर खरा गेम सुरू करून स्वतः संपतो, आणि फ्रंट-एंडला वाटते की गेम आटोपला. मग गेमच्या डोक्यावर मेनू येऊन बसतो. यावर उपाय म्हणजे अनाथ झालेल्या उपप्रक्रियांचे पालकत्व घेणारी एक मधली प्रक्रिया ठेवणे. लिनक्समध्ये यासाठी ‘सबरीपर’ ही सोय आहे. गेमपासून फुटलेली शेवटची उपप्रक्रिया संपेपर्यंत ही मधली प्रक्रिया गेम चालू असल्याचेच मानते. आणि गेम अडकलाच तर? कीबोर्ड नसल्याने कंट्रोलरवरचीच एखादी जोडकळ लागते. रेट्रोपायमध्ये सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबले की एम्युलेटर बंद होतो.

कंट्रोलर हे दुसरे डोकेदुखीचे ठिकाण. प्रत्येक उत्पादकाची बटणांची क्रमवारी वेगळी. ती जुळवून देणारी मोठी यादी एसडीएल या गेम लिहिण्यासाठीच्या खुल्या लायब्ररीच्या आसपास जमली आहे आणि शहाणा विकासक तीच वापरतो. तरीही निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ‘ए’ उजवीकडे आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर खाली, त्यामुळे ‘होकारा’ची कळ नावाने ठरवायची की जागेने, हे प्रणालीला एकदाच ठरवून सगळीकडे पाळावे लागते. ब्लूटूथवरचा कंट्रोलर मध्येच तुटून पुन्हा जोडला गेला की पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. हे टाळायचे तर जोडणीच्या क्रमाऐवजी उपकरणाची ओळख लक्षात ठेवावी लागते.

गेमची यादी बनवताना फाइलीच्या नावापेक्षा तिच्यातल्या मजकुरावरून काढलेली सीआरसी३२ किंवा एमडी५ ही खूण अधिक भरवशाची ठरते. एकच गेम तीन-चार डिस्कवर असेल तर त्या एका एम३यू (डिस्कची नावे क्रमाने देणाऱ्या) फाइलीत गुंफतात. नाहीतर यादीत तो तितक्याच वेळा दिसतो.

वेग व विलंब : गेमिंग ऑपरेटिंग सिस्टीम घातल्याने गेम खूप वेगाने पळतील, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. पार्श्वभूमीतल्या सेवा काढल्याने स्मृती वाचते, कमी ताकदीच्या यंत्रावर अडखळणे कमी होते. पण अडसर ग्राफिक्स कार्डाचा असेल तर फ्रेमची संख्या जिथल्या तिथेच राहते. प्रणालीचा खरा प्रभाव विलंबावर पडतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, मधल्या कंपोझिटरने एखादी फ्रेम राखून ठेवली तर कळ दाबणे आणि पडद्यावरची उडी यांत तेवढे अंतर वाढते. जुन्या गेमना आणखी एक अडचण आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’चे आर्केड यंत्र सेकंदाला सुमारे ५४.७ फ्रेम दाखवत असे. ते ६० हर्ट्झवर ओढले तर गेमचा वेग बदलतो किंवा चित्र झटके खाते. बदलत्या वारंवारितेचे पडदे यावर चांगला उतारा आहेत. रेट्रोआर्कमध्ये २०१८ साली आलेली ‘रन-अहेड’ सोय पुढची फ्रेम आधीच मोजून ठेवते आणि मूळ यंत्रातला अंगभूत विलंबही कापते, अर्थात प्रोसेसरवर ताण टाकून.

मर्यादा : ऑनलाइन स्पर्धेचे काही गेम फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या कर्नलमध्ये स्वतःचा भाग बसवतात; असे गेम वाइन-प्रोटॉनच्या वाटेने चालत नाहीत आणि फ्रंट-एंड कितीही चांगला असला तरी तिथे इलाज नाही. एम्युलेटर लिहिणे आणि कन्सोलच्या बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरची) किंवा गेमची नक्कल वाटणे या कायद्याच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (एम्युलेटर बनवणारी कंपनी) खटल्यात २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सुसंगत सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी बायोसचा अभ्यास करणे न्याय्य वापरात बसते असे मानले. त्याचा अर्थ बायोस कोणालाही वाटता येतो असा नाही, म्हणूनच वर उल्लेखिलेली वितरणे व्यावसायिक गेमच्या रॉमशिवायच (नक्कल केलेल्या फाइलींशिवायच) दिली जातात.

देखभाल : टीव्हीखाली ठेवलेले यंत्र लोक दिव्यासारखे बटण दाबून बंद करतात, हे गृहीत धरूनच प्रणाली रचावी. त्यासाठी मूळ प्रणालीचे विभाजन (डिस्कचा स्वतंत्र भाग) केवळ वाचता येईल असे ठेवतात. स्टीमओएसमध्ये त्याच्या दोन प्रती असतात. नवी आवृत्ती वापरात नसलेल्या प्रतीवर उतरते आणि ती बिघडली तर यंत्र जुन्या प्रतीवरून सुरू होऊ शकते. बाटोसेरात प्रणाली दाबून लहान केलेल्या एका प्रतिमा-फाइलीत असते आणि खेळाडूचा सारा ऐवज ‘यूजरडेटा’ या वेगळ्या विभाजनात. इतके करूनही गेममधली प्रगती सुरक्षित राहीलच असे नाही. जुन्या कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर टिकणारी स्मृती रेट्रोआर्क, वेगळी सोय चालू नसेल तर, गेम रीतसर बंद होतानाच डिस्कवर लिहितो. वीज त्याआधी गेली तर प्रणाली धडधाकट उठते आणि खेळाडू मात्र मागच्या वेळच्या जागी असतो. ठरावीक सेकंदांनी ही स्मृती लिहून ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. स्वतःची जुळणी करणाऱ्याने तो चालू असल्याची खात्री सुरुवातीलाच करावी.