लोणार सरोवर : परिसंस्थेचे घटक

बुलडाणा जिल्ह्यात लोणार गावालगत बेसाल्ट (लाव्हा थिजून बनलेल्या) खडकात पडलेल्या आघातविवरातील (अशनी म्हणजे अवकाशातून आलेला दगड आदळून झालेल्या खड्ड्यातील) खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याची परिसंस्था. विवराचा व्यास सु. १.८ किमी., सरोवराचा सु. १.२ किमी. सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर मिळून एकच व्यवस्था, म्हणजे परिसंस्था, मानावी, ही कल्पना इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. लोणारला या व्यवस्थेत निर्जीव घटकाचा वरचष्मा आहे.

विवराची उत्पत्ती दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य समजली जाई. १९७३ मध्ये येथे मॅस्केलिनाइट ही आघाताने बनणारी काच आढळली आणि अशनीचा पक्ष बळावला. वयाचा वाद मात्र कायम राहिला. तापदीप्ती पद्धतीने (नमुना तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढण्याची रीत) ते सु. ५२,००० वर्षे, तर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून; २०११) सु. ५,७०,००० वर्षे येते. फार जुन्या नमुन्यांना तापदीप्ती कमी वय देते, हे लक्षात घेता दुसरा आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

पाण्यातील सोडा कोठून आला, याविषयीही मतभेद होते. काहींनी तो भूगर्भातील झऱ्यांशी जोडला. साधे स्पष्टीकरण असे, की भोवतालचा बेसाल्ट झिजून सोडियम व बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. विवरातून पाणी बाहेर जायला वाट नसल्याने ते उन्हाने आटते. कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट साक्याच्या रूपाने तळाशी बसतात आणि सोडियम मागे उरते. सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप; ७ म्हणजे उदासीन) त्यामुळे १० च्या आसपास राहतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर पांढरी पापुद्र्यासारखी खपली धरते. पूर्वी हे क्षार काढण्याचा धंदा होता. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी ही त्यांच्या प्रकारांची नावे.

अशा पाण्यात मासे टिकत नाहीत. उत्पादकांत (सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवणाऱ्या जीवांत) स्पिरुलिना (आर्थ्रोस्पायरा) या नीलहरित जीवाणूचे प्राबल्य असून पाण्याचा हिरवा रंग मुख्यतः त्याचाच. मेलेल्या शेवाळाच्या थरात ऑक्सिजन उरत नाही. तेथे सल्फेट वापरणारे विघटक जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काठावरच्या चिखलात पाय रुतला, की सडक्या अंड्याचा वास येतो तो यामुळे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याला हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव कारण ठरले. पाणी घटून क्षारता वाढल्याने ते फोफावले असावेत.

धार हा बारमाही झरा वरच्या कड्यातून गोडे पाणी आणतो. ते सरोवरात मिसळते त्या पट्ट्यात क्षारता कमी असल्याने तेथील जीवसृष्टी वेगळी दिसते. उतारावरील वनात मोर व इतर पक्षी आढळतात. वेडी बाभूळ हा बाहेरून आलेला वृक्षही पसरला आहे. क्षेत्राला २००० मध्ये अभयारण्याचा, २०२० मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला.