रक्त बघून चक्कर आली म्हणजे नर्सिंग जमणार नाही?

पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना हमखास ऐकवलं जातं की ड्रेसिंग बघताना चक्कर आली ना, मग ही लाइन तुझी नाही. साफ चुकीचं. तो भित्रेपणा नाहीये, शरीराचा रिफ्लेक्स आहे, व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस) हार्ट रेट आणि बीपी एकदम खाली येतं, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटात काही नाही, झोप नाही, वर बराच वेळ एका जागी ताठ उभं, मग तर अजूनच लवकर (आणि पहिल्या पोस्टिंगला नेमकं हेच सगळं असतं!).

गंमत म्हणजे "रिलॅक्स हो" हा सल्ला इथे उलटा पडू शकतो, कारण बीपी आधीच पडत असतं. त्यापेक्षा हात, पाय, पोटाचे स्नायू 10-15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटला की सोडायचे, 20-30 सेकंद थांबून परत, असं चार-पाच वेळा. तरी गरगरलं तर सरळ सांगून खाली बसा, जमलं तर आडवं होऊन पाय वर घ्या, लाज कसली त्यात. बऱ्याच जणांचं हे सवयीने कमी होतं. पण व्यायाम करताना किंवा छातीत दुखून शुद्ध हरपली तर मात्र डॉक्टरला दाखवायचंच.